अवतरंग आणि अनुतरंग : कण नेमका हलतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी ते बारावीची मुलं, त्यांचे पालक, क्वचित एखादे शिक्षक तरंगांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. निम्म्याहून जास्त गोंधळाचं कारण एकच दिसलं. आपण तरंगाकडे बघत बसतो, कणाकडे बघत नाही.

१. अवतरंग आणि अनुतरंग यांतला फरक एका वाक्यात सांगा ना.

माध्यमाचा कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलत असेल तर अवतरंग, आणि तरंगाच्याच रेषेत पुढे-मागे हलत असेल तर अनुतरंग.

कपडे वाळत घालायच्या दोरीला एका टोकाशी वर-खाली झटका द्या. उंचवटा दोरीवरून पलीकडे पळतो, दोरीचा प्रत्येक भाग मात्र फक्त वर-खाली होतो. हा अवतरंग. थांबलेल्या मालगाडीला इंजिनाने हिसका दिला की ‘खड्-खड्-खड्’ पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत पोहोचते. प्रत्येक डबा थोडासाच हलतो, पण रुळाच्याच रेषेत. हा अनुतरंगाचा नमुना.

२. नावं नेहमी उलटसुलट होतात. लक्षात कसं ठेवू?

‘अनु’ म्हणजे मागोमाग, त्याच वाटेने. अनुसरण, अनुयायी यांतला तोच ‘अनु’. अनुतरंगात कण तरंगाची वाट सोडत नाही. एवढं पक्कं धरलं की दुसरा आपोआप अवतरंग.

हिंदी व्हिडिओ बघणाऱ्यांनी मात्र जपून. हिंदीत अवतरंगाला ‘अनुप्रस्थ’ आणि अनुतरंगाला ‘अनुदैर्घ्य’ म्हणतात. दोन्हींत ‘अनु’! आपल्याकडच्याही काही जुन्या पुस्तकांत हेच शब्द सापडतात. तिथे ‘अनु’ सोडून पुढचं वाचायचं : प्रस्थ म्हणजे रुंदीकडे, दैर्घ्य म्हणजे लांबीकडे.

३. अवतरंग ‘आडवा’ असतो म्हणतात. म्हणजे कण जमिनीला समांतर हलतो का?

नाही. आडवा हा तरंगाला आडवा, जमिनीच्या हिशोबाने नव्हे. दोरी वर-खाली हलवली काय किंवा डावी-उजवीकडे, दोन्ही अवतरंगच. तळमजल्यावरून गच्चीकडे मारलेली हाक सरळ वर जाते, त्या वाटेवरची हवा वर-खाली होते, तरीही तो अनुतरंग. तुलना फक्त दोन दिशांची : कणाची आणि तरंगाची.

४. हा ‘कण’ म्हणजे अणू की रेणू?

दोन्ही नाही, आणि हे पुस्तकात सहसा सांगत नाहीत. हवेचे रेणू आवाज असो-नसो सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने सैरावैरा धावत असतात. दोन टकरींमधलं त्यांचं सरासरी अंतर मिलिमीटरचा सुमारे चौदा-हजारावा भाग. साध्या बोलण्यामुळे हवेत होणारं विस्थापन, म्हणजे मूळ जागेपासून सरकणं, त्याहूनही कमी असतं (आकडा प्रश्न ७ मध्ये). एकेका रेणूकडे पाहिलं तर या गोंधळात तरंग दिसणारच नाही.

म्हणून ‘कण’ म्हणजे माध्यमाचा छोटासा ठोकळा समजा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी बाजू असलेल्या हवेच्या घनात सुमारे अडीच हजार कोटी रेणू मावतात. त्यांची सरासरी जागा जी पुढे-मागे होते, तिला आपण कणाची हालचाल म्हणतो.

५. कण जागच्या जागी राहतो, तर पुढे काय जातं?

ऊर्जा आणि संवेग. दादर स्टेशनच्या जिन्यावर मागून कोणी ढकललं की धक्का पायरी-पायरीने खालपर्यंत पोहोचतो, पण वरचा माणूस काही खाली पोहोचत नाही. जो तो अर्धं पाऊल पुढे जातो आणि सावरतो. यातलं ‘सावरणं’ फार महत्त्वाचं. कणाला मूळ जागी ओढणारं बल नसेल तर तरंग तयार होत नाही, नुसती चेंगराचेंगरी होते. हे बल कुठून येतं, त्यावर कोणत्या माध्यमात कोणता तरंग चालेल हे ठरतं (प्रश्न ९).

६. पुस्तकात ध्वनीचीही आकृती नागमोडीच असते. मग ध्वनी अवतरंग का नाही?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि चूक मुलांची नाही. दोरीची आकृती हे दोरीचं *चित्र* असतं. दोरी खरंच तशी दिसते. ध्वनीची नागमोडी रेघ हा *आलेख* असतो. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर घनता, दाब किंवा विस्थापन. हवेत तशी रेघ कुठेच नसते. तापाचा तक्ता वर-खाली जातो म्हणून रुग्ण काही पलंगावर उड्या मारत नसतो.

आता थोडं खोलात. उभ्या अक्षावर नेमकं काय घेतलंय हे आधी वाचा, कारण घनतेचा आलेख आणि विस्थापनाचा आलेख एकमेकांवर बसत नाहीत. संपीडनाच्या, म्हणजे दाटीच्या, मध्यावर उभ्या असलेल्या कणाचं विस्थापन किती? बहुतेक जण म्हणतात ‘सर्वांत जास्त’. खरं उत्तर शून्य. त्याच्या मागचे कण पुढे सरकलेले असतात, पुढचे मागे सरकलेले असतात, आणि हा मधोमध आपल्या मूळ जागी असतो. दोन्हीकडून लोक सरकले म्हणूनच तर दाटी झाली. विरलनाच्या, म्हणजे विरळ भागाच्या, मध्यावरही विस्थापन शून्यच, फक्त शेजारी दोन्ही बाजूंना लांब गेलेले.

मूळ जागी आहे म्हणजे तो स्थिर आहे, असंही नाही. झोका मधल्या बिंदूतून जाताना सर्वांत जोरात असतो, तसाच हाही. पुढे जाणाऱ्या ध्वनितरंगात संपीडनातले कण तरंगाच्या दिशेने आणि विरलनातले कण उलट दिशेने आपापल्या कमाल वेगाने जात असतात. दोरीत पाहा : शीर्षावरचा कण क्षणभर थांबलेला, मधल्या पातळीवरचा सर्वांत वेगात. नियम दोन्हीकडे एकच, फक्त दिशा बदलली.

७. कणाचा वेग आणि तरंगाचा वेग एकच ना?

अजिबात नाही. तरंगाचा वेग माध्यमावर ठरतो. कणाचा वेग तुम्ही किती जोरात हलवता त्यावर ठरतो आणि प्रत्येक क्षणी बदलतो.

दोरीचा हिशोब करू. एक मीटर दोरीचं वस्तुमान ५० ग्रॅम आणि ताण २० न्यूटन असेल तर तरंगाचा वेग सेकंदाला २० मीटर. तुम्ही ती ५ सेंटिमीटर आयामाने (म्हणजे मधल्या जागेपासून दोन्हीकडे ५-५ सेंटिमीटर) सेकंदाला दोनदा हलवलीत, तर कणाचा कमाल वेग सेकंदाला जेमतेम ६३ सेंटिमीटर.

हवेत हा फरक अफाट होतो. २० अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. नेहमीच्या बोलण्याएवढा, ६० डेसिबलचा, १००० हर्ट्झचा स्वर घेतला तर हवेच्या कणाचं विस्थापन मीटरच्या सुमारे दहा-कोटीव्या भागाएवढं, आणि त्याचा कमाल वेग सेकंदाला मिलिमीटरच्या सातशतांश. ऐकू येईल-न येईल अशा सर्वांत मंद आवाजात तर हे विस्थापन अणूच्या व्यासापेक्षाही लहान असतं. कान ते टिपतो. मला दरवेळी हा आकडा पुन्हा करून बघावासा वाटतो.

८. घरी मुलांना दाखवायचं कसं?

जत्रेत मिळते ती लांब सैल स्प्रिंग घ्या. धातूची असेल तर उत्तम, प्लास्टिकची लवकर गुंतते. गुळगुळीत फरशीवर दोघांनी दोन टोकं धरून अडीच-तीन मीटर ताणा. मधल्या एका वेढ्याला लाल दोरा बांधा आणि त्याच्या खाली फरशीवर खडूने खूण करा.

आधी टोक फरशीवरच डावी-उजवीकडे झटका. मग तेच टोक समोरच्याच्या दिशेने ढकलून मागे घ्या. दोन्ही वेळा तरंगाकडे बघायचं नाही, फक्त लाल दोऱ्याकडे. पहिल्यांदा तो रेषेच्या बाजूला जाऊन खुणेवर परत येतो, दुसऱ्यांदा रेषेवरच पुढे-मागे होतो. एकाच स्प्रिंगमध्ये दोन्ही तरंग चालतात हेही इथेच कळतं. दोरा हातातल्या टोकाला बांधू नका. मी एकदा बांधला होता, आणि वर्गाने तासभर माझ्या हाताचं निरीक्षण केलं.

९. हवेतून आणि पाण्यातून अवतरंग का जात नाहीत?

जाड वहीचं वरचं पान बाजूला ढकला. खालची पानं थोडी थोडी घसरतात, वही तिरकी होते. अवतरंगात माध्यमाचे थर असेच एकमेकांवरून घसरतात. स्थायूत घसरलेले थर परत ओढले जातात, कारण स्थायू आकार बदलायला विरोध करतो. द्रव आणि वायू आकारमान कमी करायला विरोध करतात, आकार बदलायला नाही. भांडं बदललं की पाणी मुकाट्याने नवा आकार घेतं. म्हणजे दाबलं तर परत उसळतं, घसरवलं तर घसरूनच राहतं. प्रश्न ५ मधलं ‘सावरणं’ बाजूच्या दिशेला होतच नाही.

पोलादात दोन्ही चालतात : अनुतरंग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर, अवतरंग सुमारे ३२००. पाण्यात फक्त अनुतरंग, सुमारे १४८०.

तीन पळवाटा सांगून ठेवतो. एक, पाणी अगदीच निर्विकार नसतं. त्याच्या चिकटपणामुळे बाजूची हालचाल शेजारच्या थरापर्यंत पोहोचते, पण १००० हर्ट्झला मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागात विझून जाते. दोन, पाण्याच्या *पृष्ठभागावर* सावरायचं काम गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण करतात, म्हणून तिथे कण वर-खाली होऊ शकतो (प्रश्न १३). तीन, दोरीत हे काम ताण करतो. सैल दोरी झटकून पाहा, तरंग धड जात नाही.

आणि शरीर? यकृतासारखा मऊ अवयव जेलीसारखा असतो. सोनोग्राफीचे अनुतरंग त्यातून सेकंदाला सुमारे १५४० मीटरने जातात, पण अवतरंग सेकंदाला १ ते १० मीटर इतके संथ. ऊतक कडक झालं की त्यांचा वेग वाढतो. यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या इलास्टोग्राफी तपासणीत हाच वेग पाहतात.

१०. एकतारीची तार आडवी हलते, मग ऐकू येणारा आवाज अनुतरंग कसा?

तारेतला तरंग आणि हवेतला तरंग वेगळे आहेत. तार स्वतः बारीक असल्याने हवा फारशी ढकलत नाही. ती घोडीला, म्हणजे तिच्याखालच्या आधाराच्या पट्टीला, हलवते, घोडी भोपळ्यावरचं कातडं हलवते, आणि कातडं समोरच्या हवेला पुढे-मागे ढकलतं. हवा दुसरं काही करूच शकत नाही (प्रश्न ९), म्हणून तिथून पुढे अनुतरंग. या साखळीत वारंवारिता तीच राहते, वेग आणि तरंगलांबी बदलतात.

११. बासरीत निस्पंद आणि प्रस्पंद कुठे असतात? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत.

दोन्ही बरोबर असू शकतात. उघड्या टोकाशी हवा मोकळेपणाने आत-बाहेर होते, म्हणून तिथे *विस्थापनाचा* प्रस्पंद, म्हणजे सर्वांत मोठं दोलन. पण त्याच टोकाशी दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो, म्हणून तिथे *दाबाचा* निस्पंद, म्हणजे दोलनच नाही. बंद टोकाशी नेमकं उलट. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

१२. भूकंपात आधी धक्का आणि मग हेलकावे का जाणवतात?

कारण खडकातून दोन्ही तरंग निघतात आणि अनुतरंग पुढे पळतो. भूकवचात प्राथमिक म्हणजे ‘पी’ तरंग (अनुतरंग) सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर दुय्यम म्हणजे ‘एस’ तरंग (अवतरंग) सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने जातो. दोघांच्या येण्यात जितक्या सेकंदांचं अंतर, त्याच्या साधारण आठपट किलोमीटर भूकंपाचं केंद्र दूर. कोयनानगर ते पुणे सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपासारख्या घटनेत पुण्याला ही फट सुमारे १५ सेकंदांची येते. केंद्राजवळ ती इतकी लहान होते की दोन्ही एकच वाटतात.

हे तरंग खालच्या कठीण खडकातून वरच्या मऊ थरांत येताना वळत वळत बरेचसे उभे होतात. म्हणून ‘पी’ आला की जमीन खालून वर ठोसल्यासारखी वाटते, आणि ‘एस’ आला की ती बाजूला हलते. त्याचा आयाम सहसा मोठा असतो. भिंती वरचं वजन पेलायला बांधलेल्या असतात, बाजूचा हिसका सोसायला नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथली घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ही रचना बाजूच्या हालचालीपुढे अजिबात टिकत नाही.

या दोन तरंगांची ओळख भारतातल्या एका भूकंपाशी जोडलेली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या दूरदेशींच्या नोंदींत हे टप्पे वेगळे ओळखले, आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. ‘एस’ तरंग सुमारे २९०० किलोमीटर खोलीपलीकडे सरळ जात नाहीत, यावरून तिथला गाभा द्रवरूप असल्याचं पुढे स्पष्ट झालं. कोणीही तिथे न जाता, केवळ द्रवातला कण बाजूला सरकला की सावरत नाही म्हणून.

१३. समुद्राची लाट अवतरंग ना? परीक्षेत काय लिहू?

निव्वळ अवतरंग नाही. खोल पाण्यात पृष्ठभागाजवळचा कण वर्तुळात फिरतो : शीर्षाखाली असताना लाटेच्या दिशेने पुढे, दरीत असताना मागे. वर-खाली आणि पुढे-मागे दोन्ही एकदम. खोली वाढेल तसं वर्तुळ झपाट्याने लहान होतं. तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर ते पृष्ठभागाच्या जेमतेम ४ टक्के उरतं. ६० मीटर तरंगलांबीची लाट असेल तर ३० मीटर खाली जवळपास शांतता, पण १० मीटरवर अजून एक-तृतीयांशाहून जास्त हालचाल. मालवणला पाण्याखाली उतरलेल्यांना तो झोका ओळखीचा असेल.

वर्तुळ तंतोतंत बंदही होत नाही. वरच्या बाजूचा पुढचा प्रवास खालच्या बाजूच्या मागच्या प्रवासापेक्षा किंचित जास्त असतो, त्यामुळे नारळी पौर्णिमेला वाहिलेला नारळ वारा नसला तरी लाटेबरोबर हळूहळू सरकतो. स्टोक्स यांनी १८४७ मध्ये हे गणिताने दाखवलं. प्रश्न ५ मधलं ‘कण जागच्या जागी’ इथे थोडं ढिलं पडतं.

उथळ पाण्यात वर्तुळ चेपून लंबगोल होतं. त्सुनामीची तरंगलांबी शेकडो किलोमीटर असल्याने तिच्यासाठी ४ किलोमीटर खोल महासागरही उथळच. तिथे ती ताशी सुमारे ७०० किलोमीटरने धावते, पण अर्धा मीटर उंचावलेल्या पाण्याचा कण सेकंदाला दोन-अडीच सेंटिमीटर सरकतो, तोही मुख्यतः आडवा.

परीक्षेत? तुमच्या पुस्तकात अवतरंगाचं उदाहरण म्हणून पाण्यावरचे तरंग दिले असतील तर तेच लिहा, गुण घ्या. उदाहरण स्वतः निवडायचं असेल तर ताणलेली दोरी निवडा, वाद नको.

१४. प्रकाशात कणच हलत नाहीत, मग तो अवतरंग कसा ठरतो?

तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं दोलन पावतात, तीही प्रवासाच्या दिशेला काटकोनात. माध्यम लागत नाही. पुरावा ध्रुवणाचा, म्हणजे दोलन एकाच बाजूला बांधून टाकण्याचा. अवतरंगाला ‘कोणत्या बाजूला’ हा प्रश्न विचारता येतो, अनुतरंगाला नाही, कारण त्याला एकच रेषा असते. म्हणून हवेतल्या ध्वनीचं ध्रुवण होत नाही.

पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा एकावर एक धरून एक ९० अंशांत फिरवा, अंधार होतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८२१ च्या सुमारास प्रकाश निव्वळ अवतरंग असल्याचं मांडलं तेव्हा मोठी पंचाईत झाली : अवतरंग वाहायचा तर अवकाशभर स्थायूसारखा कडक ‘ईथर’ हवा, आणि त्यातून ग्रह न अडखळता फिरायला हवेत! जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात सूक्ष्मतरंगांचं ध्रुवणप्रतल फिरवून दाखवलं, ते पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या वापरून.

१५. एकच तरंग अवतरंग आणि अनुतरंग दोन्ही असू शकतो?

पाण्याची लाट हे एक उदाहरण झालंच. जमिनीच्या पृष्ठभागावरून जाणारा रॅली तरंग (१८८५ मध्ये लॉर्ड रॅली यांनी गणिताने भाकीत केलेला) दुसरं. त्यातही कण लंबगोलात फिरतो, पण उलटा : पाण्याच्या लाटेत शीर्षावरचा कण पुढे जातो, रॅली तरंगात मागे. लव्ह तरंगात (हाही पृष्ठभागावरूनच जाणारा) मात्र जमीन फक्त बाजूला हलते, म्हणजे तो पुरता अवतरंग.

शिवाय एकाचं दुसऱ्यात रूपांतरही होतं. ‘पी’ तरंग दोन खडकांच्या सीमेवर तिरका आदळला की परतणाऱ्या आणि पुढे जाणाऱ्या तरंगांत ‘एस’ही निघतो. सीमेवरच्या कणाला बाजूचाही धक्का बसतो, एवढंच कारण.

१६. हिंगोलीत गुरुत्वीय तरंग मोजणार म्हणतात. ते यांपैकी कोणते?

अवतरंग. हे अवकाशालाच ताणत-आवळत जाणारे तरंग. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या आणि एकमेकींना काटकोनात असतील. कणांचं एक गोल कडं समजा आणि तरंग त्यातून आरपार जाऊ द्या. कडं एका दिशेला ताणलं जातं आणि तिच्या काटकोनातल्या दिशेला आवळतं, मग उलट. प्रवासाच्या दिशेला मात्र काहीच घडत नाही. म्हणून तरंग डोक्यावरून सरळ खाली आला तर दोन्ही भुजांवर परिणाम होऊ शकतो, आणि नेमका एका भुजेच्या रेषेत आला तर त्या भुजेची लांबी बदलतच नाही.